तिसऱ्या हाकेची वाट

विशीत माझं मत पक्कं होतं, लिहिणं म्हणजे सजवणं. माझ्या गोष्टींत चंद्र कधी नुसता उगवला नाही आणि समुद्राला तर सदा गर्जावंच लागे. मासिकांकडून गोष्टी साभार परत येत आणि मी संपादकांना अरसिक ठरवून मोकळा होई.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी थोरला भाऊ सुपारी घेऊन मचव्यातून मुंबईला निघाला. वाटेत मचवा बुडाला. बाकीचे सापडले, भाऊ सापडला नाही. आई त्याचे दिवस घालू देईना.

आमच्या चौलात तिन्हीसांजेला वाडीतून हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. जिवंत माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असलं तर तिसरी हाक येत नाही, आणि त्याआधीच ओ दिली तर ते ओ देणाऱ्याला घेऊन जातं. हे लहानपणापासून ऐकलेलं. मी त्याला हसत असे, पण ओ कधी दिली नव्हती.

मचवा बुडाल्यानंतरची एक संध्याकाळ मी दहा-बारा वर्षं लिहीत राहिलो. पहिल्या खर्ड्यात वादळ होतं, चांदणं होतं, आईचे अश्रू मोत्यांसारखे होते. वाचताना मलाच ते खोटं वाटायला लागलं, कारण त्या दिवशी वारा नव्हता आणि आई रडली नव्हती. एकेक शब्द काढत गेलो. शब्द कमी होत गेले तशी मला त्या पानांची जास्तच भीती वाटू लागली. साठ साल उलटल्यावर जे उरलं, ते एवढंच.

आई पडवीत तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसलो होतो. विहिरीकडून हाक आली, "आये." आवाज भावाचा होता. आईने सूप खाली ठेवलं. सुपारीची एक झावळीही हलली नाही. दुसरी हाक आली, जरा जवळून. आई उठली. मी तिचं मनगट धरलं आणि तिसऱ्या हाकेपर्यंत थांब म्हणून विनवलं.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"आन् तिसरी आलीच न्हाय तर?"

आणि तिने ओ दिली. तिला कोणी नेऊ नये म्हणून मी तिचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला.