प्लायवूडच्या पलीकडची बॅच

सुतारकाका कपाटासाठी प्लायवूड कापताहेत आणि त्या वासाने मला एका जागी बसवत नाहीये. अकरावीत मुलुंडच्या आमच्या क्लासने असंच नवंकोरं प्लायवूड ठोकून एका खोलीच्या दोन केल्या होत्या. अलीकडे आयआयटीची बॅच, पलीकडे बोर्डाची. "आज बसून बघ, मग ठरव," बाबा म्हणाले होते.

मैत्रीण केतकी होती म्हणून मी अलीकडे बसले. सर इंटिग्रेशन भराभर फळ्यावर उतरवत होते. मला काही कळेना, पाय सारखे हलत होते. पलीकडे मॅडम डेरिव्हेटिव्ह सावकाश समजावत होत्या, ते मात्र सगळं कळत होतं.

"एक्स स्क्वेअरचं डेरिव्हेटिव्ह काय?" त्यांनी तिकडे विचारलं.

"टू एक्स," मी इकडे मोठ्याने म्हणाले.

"अगं, आपल्याला नाही विचारलं," केतकी कुजबुजली. वर्ग हसला, सर हसले नाहीत.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पलीकडे जाऊन सांग ना."

मला तो अपमान वाटला. त्या रागातच मी बाबांना "आयआयटी" म्हणून सांगितलं. आता वाटतं, सर चिडवत नव्हते, खरंच जा म्हणत होते. मी मात्र पुढची दोन्ही वर्षं अलीकडेच बसले, प्लायवूडला कान लावून.