उलटा ब्रेक

मुलीची सायकल मी बिघडवली नाही. चांगली दुरुस्त केली. ब्रेकच्या तारा नव्या घातल्या, चाकांचा आउट काढून ती सरळ केली, चेन रॉकेलमध्ये धुतली. त्या दुरुस्तीनेच ती पडली. कोणी विचारलं तर मी हे असंच सांगते. मग लोक विषय बदलतात.

आमचं दुकान अफझलगंजात, मुसी नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. नवऱ्याचं होतं. ते गेले तेव्हा भाऊबंद म्हणाले, विकून टाक. विकून मी काय करणार होते? चौथीपर्यंत शिकलेली बाई. लोकांच्या घरी पोळ्या लाटायच्या, नाहीतर पाना धरायचा. पाना मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी धरला होता, कारण नवऱ्याला जवळचं दिसत नसे आणि चाकात तारा भरायला नजर लागते. बेगम बाजारात माल पोचवणाऱ्यांच्या, दूधवाल्यांच्या, शाळेतल्या शिपायांच्या काळ्या सायकली यायच्या. त्यांच्यात बिघडण्यासारखं फार नसतं.

मुलगी एका दवाखान्यात रक्त काढायच्या कामाला होती. शीर सापडत नाही अशा म्हाताऱ्यांना तिच्याकडे पाठवत, इतका तिचा हात हलका. लग्न केलं नाही. मी एकदा विचारलं, नंतर विचारलं नाही. तिशी ओलांडल्यावर तिला डोंगरात सायकल चालवायचं वेड लागलं.

"डोंगरात लोक बकऱ्या नेतात," मी म्हटलं.

"आई, तुला नाही समजत. मजा येते."

"पडलीस तर कोण उचलेल? बकऱ्या?"

तिची मराठी अर्धी आमची, अर्धी गल्लीची. मराठीत लिहिलेली लग्नपत्रिका दिली तरी बोट ठेवून वाचते. नारायणगुड्याला इंग्रजी शाळेत मीच घातलं, तेव्हा बोलायला जागा नाही.

त्यांचा सात-आठ जणांचा गट होता. सगळे पगारदार. रविवारी मोटारीच्या पाठीला सायकली पट्ट्यांनी बांधायच्या आणि गंडीपेटच्या पुढे जायचं. तिथे उघडे खडक होते आणि त्यांच्यावरून गुरांनी पाडलेल्या वाटा. वर चढायचं आणि त्या वाटांनी खाली यायचं, एवढाच खेळ. मुलीमुळे ते सगळे दुरुस्तीला माझ्याकडे यायला लागले. मोठ्या दुकानात अख्खा भाग बदलायला सांगत, मी तोच सरळ करून देई. त्यांच्यातला एक बँकेत होता, जाडजूड, गुडघा दुखरा. तो गुडघ्यांना, कोपरांना टोप्या बांधून यायचा.

"लढाई पे जा रहे क्या?" मी एकदा विचारलं.

"हौ अम्मा. पत्थरां से."

"पत्थरां जीतते," मी म्हटलं. तो हसला. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

मुलीने सायकल घेतली ती अमेरिकेहून परत आलेल्या कुणाची तरी. पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा, चाकांना जाड दातांचे टायर, ब्रेक चकतीवरचे पण तारेने ओढायचे. चांगली वस्तू होती. पण तिचे ब्रेक तिकडच्या पद्धतीचे होते. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, डाव्या हाताला मागचा. तिकडे डाव्याला पुढचा. नवऱ्याच्या वेळेपासून अशी बाहेरची सायकल आली की दुकानात तिला "उलटी" म्हणायचं, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, ब्रेक उलटा करून द्या. म्हणजे तारांची अदलाबदल करून इकडच्यासारखे करा. चाळीस वर्षं दुकानात या शब्दाचा दुसरा अर्थ नव्हता.

उतारावर मागचा ब्रेक चुकून जास्त दाबला तर चाक घसरतं. पुढचा दाबला तर चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून मी तिला सांगत होते, हाताला दोन सवयी लावू नको, ब्रेक आपल्यासारखे करून घे. ती ऐकत नव्हती. तीन महिन्यांत तिच्या हाताला तिकडचीच सवय बसली होती. हे मला माहीत नव्हतं. मी तिला चालवताना कधी पाहिलंच नव्हतं.

त्याच वर्षांत राज्याचे दोन तुकडे करायचं चाललं होतं. आठवड्याला एक बंद. शटर वर जाई आणि खाली येई. गल्लीत माणसं एकमेकांना विचारायला लागली होती, तुम्ही मूळचे कुठले. मलाही एकाने विचारलं, तीस वर्षं माझ्याकडे पंक्चर काढून घेणाऱ्याने. मी म्हटलं, "मी लहान होते तेव्हा एकदा तुकडे झाले, तेव्हा माझं गाव तिकडे, मराठी मुलखात गेलं. आता माझ्याकडे द्यायला गाव नाही." तो सायकल घेऊन गेला, पण त्याने विचारलं होतं.

सायकलवाल्यांना मात्र बंद आवडायचा. रस्ते मोकळे. बंदवाले आठच्या आधी उठत नाहीत, असं बँकवाला म्हणायचा. पहाटे निघायचं, बंद उठला की संध्याकाळी यायचं.

अशाच एका बंदच्या आदल्या दिवशी, चारच्या सुमाराला, मुलगी ड्यूटीवरून सायकल घेऊन दुकानात आली. कानाला फोन. हाताने सायकल भिंतीला लावली आणि फोन जरा बाजूला करून म्हणाली, "आई, तारा बदल. समोरचा ब्रेक उलटा."

"उलटा?"

"हां, उलटा. सुबह पाच को निघायचंय, घाईत आहे मी."

आणि गेली. मी विचारलं होतं. तिने हो म्हटलं होतं.

मला बरं वाटलं, हेही सांगते. शेवटी पोरीला आईचं पटलं असं वाटलं. पुढची तार उजव्या मुठीत नेली, मागची डावीकडे. तारांचे शेंडे कापून टोप्या बसवल्या. दिवेलागणीला ती न्यायला आली. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी लोखंडी कठडे आडवे लावले होते, चालवून बघायला जागा नव्हती. तिने उभ्या उभ्या दोन्ही ब्रेक एकदम दाबले. दोन्ही एकदम दाबले की कुठला कुठे ते कळत नाही.

"मस्त घट्ट झाले," ती म्हणाली.

सकाळी मी उठले तेव्हा ती गेलेली होती. साडेसातला दुकानाचं शटर निम्मं वर केलं आणि आत बसून एका चाकात तारा भरायला घेतल्या. पुलाच्या बाजूने टायर जळल्याचा वास येत होता. एरवी त्या गल्लीत बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशी माझ्या हातातली तार रिमला लागून वाजे तेवढाच आवाज होता. वर घारी फिरत होत्या, नेहमीपेक्षा खाली.

शेजारी ताडपत्रीवाला. त्याच्या बापाला धाप लागली होती म्हणून त्याने कुठून तरी एक ऑटो मिळवला होता. ऑटोवाला घाबरलेला.

"पुल बंद है भाई. किधर से लेऊं?"

"आगे जाके उलटे कू मोड लेव," ताडपत्रीवाला म्हणाला.

ऑटो पुढे गेला आणि डावीकडे वळला.

हा शब्द असा मी जन्मभर ऐकला आहे. उलटा हात म्हणजे डावा, सीधा हात म्हणजे उजवा. बाजारात मीही तसंच बोलते. पण दुकानात शिरले की तोच शब्द माझ्यासाठी दुसरा होई. मुलगी दुकानात उभी राहून गल्लीतलं बोलली होती. समोरचा ब्रेक डावीकडेच राहू दे, एवढंच तिने सांगितलं होतं.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कोणीतरी उचलला. बँकवाला होता.

"अम्मा, उनो ऊपर हैं. फोन गाडी में छोड के गए. मेरा घुटना आज नक्को बोल रा, मैं नीचेच हूं."

"उसकू रोको. उतरने नक्को देव."

"उतरने लगे ना अम्मा. दिख रे. पीछे से तीसरे नंबर पे. क्या हुआ?"

"ब्रेक उलटे होगए!"

"क्या?"

"उलटे! उसके ब्रेक उलटे!"

"उलटा ब्रेक? हौ, हौ."

तो पळायला लागला. फोन त्याच्या हातातच होता, चालू. मला त्याची धाप ऐकू येत होती आणि बुटाखालचे खडे. मग तो ओरडला. एकदा नाही, तीनदा.

"उलटा ब्रेक नक्को! उलटा नक्को मारो! उलटा नक्को!"

"वैसा नहीं," मी इकडून ओरडले. "वैसा नहीं रे." फोन त्याच्या कानाला नव्हता. गल्लीत ताडपत्रीवाला तेवढा माझ्याकडे बघत राहिला.

मग आवाज आला. फार मोठा नाही. डबा पायरीवरून गडगडत जावा तसा. त्यानंतर नुसता वारा. मी फोन कानाला धरून उभी होते. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग बँकवाल्याचा आवाज आला, "अम्मा, मैं रखता." आणि त्याने ठेवला.

ताडपत्रीवाल्याने मला स्कूटरवर बसवलं. गल्ल्यागल्ल्यांतून नेलं. ज्या दवाखान्यात ती रक्त काढायची तिथेच तिला आणत होते, हे त्याने वाटेत माझ्या फोनवरून बँकवाल्याला विचारून घेतलं. त्यांची मोटार एका चौकात बंदवाल्यांनी अडवली होती. आत बघितल्यावर त्यांनीच जळते टायर काठीने बाजूला केले. एवढं त्यांचंही सांगायला पाहिजे.

ती जिवंत होती. हेल्मेट दोन ठिकाणी फुटलं होतं. उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं गेली होती आणि कोपरही. वॉर्डाबाहेर बँकवाला तिचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. मला बघून उठला.

"अम्मा, मैं टाइम पे बोला. उनो सीधाच दबाए, फिर भी गिरे."

"तुमकू जो सुनाया, तुम वोच बोले," मी म्हटलं. "बैठो."

दुसऱ्या दिवशी तिला बोलता आलं. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. ब्रेक मी बदलले, असं समजून बदलले, आणि फोनवर असं म्हणाले. मध्ये रडले नाही. रडले असते तर तिलाच माझी समजूत काढावी लागली असती.

ती वर पंख्याकडे बघत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "चढतानाच समजलं. एकदा सीधा दाबला, समोरचं चाक अटकलं. म्हटलं, आईने बदली केले. मग मी संभाळून उतरत होते. उलट्याने, हळू हळू. अर्ध्याच्या खाली आले होते."

"मग?"

"मग तो खालून ओरडला, उलटा नक्को. मला वाटलं त्याला काही दिसलं. तार तुटली, नाहीतर चकती सुटली. म्हणून उलटा सोडला. सोडला तर सायकल पळायला लागली. मग सीधा दाबला."

"म्हणजे मी फोन केला नसता तर?"

"तर उतरले असते."

रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं तिने ते सांगितलं. नर्स आली, तिने सलाइन बदललं.

हाडं जुळली. कोपर सरळ होत नाही. उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना लागलं-भाजलं कळत नाही, आणि मूठ आवळता येत नाही. सुई धरली की हात कापतो. दवाखान्याने तिला काढलं नाही, खिडकीवर बसवलं. दुसऱ्यांनी काढलेल्या रक्ताच्या नळ्यांवर ती नावं चिकटवते. तिने मला कधी दोष दिला नाही. यावर लोक म्हणतात, दिला असता तर मन हलकं झालं असतं. मला तसं वाटत नाही. नाही दिला, ठीक.

तो खडक मी नंतर एकदा पाहून आले. बँकवाल्यानेच नेलं. फार उंच नाही. वाटेत एक वळण आहे, तिथे खडकाला पायरीसारखी कड आहे. तिथेच. उभं राहून बघितलं, खाली आले. आता तिथे इमारतींसाठी सुरुंग लावतात.

दुकानात मी नियम केला. गिऱ्हाईकाने तोंडाने बाजू सांगायची नाही. उलटा नाही, सीधा नाही, डावा नाही, लेफ्ट नाही. हात वर करून दाखवायचा. नवे लोक हसतात, म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतात. मी हात वर होईपर्यंत पान्याला हात लावत नाही.

दीड वर्षाने, तोवर राज्याचे दोन तुकडे होऊन गेले होते, ती एका संध्याकाळी दुकानात आली आणि भिंतीवर टांगलेली सायकल तिने स्वतः उतरवली. एका हाताने उतरवली, म्हणून ती माझ्या खांद्याला घासली.

"तारा घाल," ती म्हणाली.

"कशाला?"

"रविवारी जायचंय."

मी तिच्याकडे बघितलं. तिला नको म्हणून उपयोग नसतो, ते मला माहीत आहे. मी नवी तार काढली, तिची गुंडाळी सोडली.

"समोरचा कुठल्या हाताला?"

तिने तोंड उघडलं, मग मिटलं. डावा हात वर केला. उजव्यात जोर नव्हता, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच. म्हणजे सायकल आली होती तशीच पुन्हा झाली.

तारा घातल्या, ताणल्या. सायकल उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि दोन्ही चाकं फिरवली. म्हटलं, एकेक दाब. तिने वर केलेलाच हात मुठीवर नेऊन दाबला. पुढचं चाक जागीच थांबलं.

मग मी दुसऱ्या हाताकडे बोट केलं. तिने दाबला. मागचं चाक फिरत राहिलं. तिने ओठ आवळले, मनगट वाकवलं, पुन्हा दाबला. चाक थांबलं, पण वेळ लागला.

रविवारी पहाटे ती सायकल घेऊन गेली.