तांदळाच्या डब्यातली गौर

आम्ही वर्षभर पाण्यावर राहिलो असं सांगितलं की लोक हसतात. हौसेने राहिलो होतो असं वाटतं त्यांना. हौस कसली डोंबलाची! अंबरनाथच्या ज्या केमिकल फॅक्टरीत बाबा फिटर होते तिला टाळं लागलं, आणि उल्हासनगरला ज्या खोलीत आम्ही भाड्याने राहायचो तिथल्या सिंधी मालकिणीच्या मुलाचं लग्न ठरलं. बाई वाईट नव्हती. "बेटी, बहू को कहाँ रखूँ?" म्हणत ती आईसमोर रडली. आता तिच्याशी भांडणार तरी काय?

बाबांनी डोकं चालवलं. फॅक्टरीतली ॲसिडची रिकामी लोखंडी पिंपं भंगारवाल्याकडे पडली होती, ती आणून बदलापूरला नदीकाठी धुतली, बुचं आवळली, वर लाख लावली. पिंपांवर फळ्या, फळ्यांवर पत्र्याची खोली. काठावर एका शेतकरी काकांचं करंजाचं झाड होतं, त्याला दोर बांधला. काकांनी हरकत घेतली नाही. बाबा छाती फुगवून म्हणाले, "पाण्याला भाडं नाही!"

"आणि उंबरठा?" आईने विचारलं.

बाबांनी लगेच दारात सागवानी पट्टी ठोकली. रोज सकाळी उंबरठा धुवून हळदकुंकू वाहिल्याशिवाय चहा न घेणारी माझी आई त्या पट्टीकडे बघायलासुद्धा तयार होईना. "खाली जमीन नाही तो कसला उंबरठा? ती नुसती फळी झाली," म्हणाली. एवढंच तिचं मागणं होतं, चार हात का होईना, पण जमीन. बाबा रोज सांगायचे, "देतो गं. काम लागू दे." आणि ती रोज "हो" म्हणायची.

मला मात्र सुरुवातीला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. खिडकीतून हात बाहेर काढला की नदी. म्हशी पोहत पार दारापर्यंत यायच्या आणि आई त्यांना झाऱ्याने हाकलायची.

पावसाळ्यात नदी चढली तेव्हा काकांच्या पडवीत राहिलो आणि पाणी जरा उतरल्यावर परत आलो. तोवर भाद्रपद आला. आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. घरातल्या मुलीने पाणवठ्यावरून खडे आणायचे, वाटेत अवाक्षर बोलायचं नाही. दारात घरच्या बाईने तिच्या पायांवर दूध-पाणी घालायचं, कुंकू लावायचं, की गौर उंबरठा ओलांडून आत आली. मी गुळगुळीत खडे वेचले आणि गप्प, ताठ चालत काठावरून घरात जायच्या फळीपाशी आले. आई दारात उभी होती. हातात दुधाचा तांब्या होता, पण ती पुढे येईना.

"हिला नदीतून आणायची आणि नदीवरच बसवायची?" ती बाबांना म्हणाली. "गौर माहेरी येते हो. निघाली तिथंच बसवली तर ती आली कुठे?"

बाबांचा चेहरा उतरला. आईलाही ते दिसलं असावं, कारण तिचा आवाज खाली आला. तिने माझ्या हातातले खडे पदरात घेतले, फडक्यात बांधले आणि तांदळाच्या डब्यात ठेवले. "थांबू दे तिला. जमीन मिळाली की आत घेऊ." तेव्हापासून भात लावताना ती डब्यात हात घालून आधी ती पुरचुंडी चाचपायची. "आहेत पाहुण्या," म्हणायची.

दिवाळीच्या सुमारास घर एका अंगाला कलायला लागलं. "बघा, तुमची डाळसुद्धा काठाकडे निघाली," पातेलं दाखवत आई हसायची. पण हसताना तिला दम लागायचा. ओल तिच्या छातीत बसली होती. बाबा दोर आवळायचे आणि म्हणायचे, गाठ सैल झालीय, बाकी काही नाही.

थंडीत तिला उल्हासनगरच्या दवाखान्यात ठेवलं आणि तिथेच ती गेली. आदल्या संध्याकाळी मला म्हणाली, "डब्याचं झाकण नीट लाव हं. किडे होतात." मी "हो" म्हटलं. दुसरं काही बोलले असते तर बरं झालं असतं, पण ते शेवटचं बोलणं आहे हे कुठे ठाऊक होतं.

तिला घरी आणायचं म्हटलं, पण घर इतकं कललं होतं की त्या फळीवरून चौघांना चढवेना. शेवटी काकूंनी, म्हणजे त्या शेतकऱ्याच्या बायकोने, करंजाखालची जागा सारवली आणि आईला तिथे ठेवलं. शेणाने सारवलेली, ओली, खरीखुरी जमीन. मला इतका राग आला होता! नदीचा, बाबांचा, मेलेल्या आईचासुद्धा.

तेराव्यानंतर बाबांनी तो तराफा मोडायला काढला. काठाकडच्या बाजूची पिंपं उघडली तर आत पाणी, आणि पत्रा आतून खाल्लेला. तिथलं ते दाट ॲसिड पिंपात नुसतं असतं तोवर लोखंडाला फारसं काही करत नाही, त्यात पाणी पडलं की मात्र ते लोखंड खातं. म्हणून पिंप खळबळून धुवायचं, उन्हात वाळवायचं आणि मगच बूच लावायचं. फॅक्टरीत नव्या पोरांना बाबा यावरूनच शिव्या घालायचे. आणि स्वतःच्या घराची पिंपं, उल्हासनगरची खोली खाली करायच्या घाईत, एकदा विसळून ओलीच बंद केली होती. "मला माहीत होतं गं, मला माहीत होतं," एवढंच म्हणत राहिले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. राग तिथेच संपला.

पुढे त्यांना बदलापूरमध्येच एका नव्या बिल्डिंगचे पंप सांभाळायचं काम लागलं, आणि राहायला तळमजल्यावर पंपाशेजारची खोली मिळाली. दुखवट्याचं वर्ष सरल्यावर भाद्रपद आला. मी गौरीचं नाव काढलं नव्हतं. बाबांनीच सकाळी डबा उघडून पुरचुंडी माझ्या हातात दिली. "नदीवर जाऊन ये," म्हणाले.

मी खडे नदीत बुडवून, ओंजळीत धरून, गप्प परत आले. दारात दगडी उंबरठा होता. त्यावर वेडीवाकडी हळद, वेडंवाकडं कुंकू. घरच्या बाईचं काम करायला बाई नव्हती. बाबाच तांब्या घेऊन उभे होते. ते गुडघ्यावर बसले, त्या राठ, डागाळलेल्या हातांनी त्यांनी माझे पाय धुतले. मग वर बघितलं, पण माझ्याकडे नाही.

"आत ये गं," म्हणाले. "खाली जमीन आहे."

ओंजळीत गौर होती, बोलायचं नव्हतं. मी उंबरठा ओलांडला.