सावडीतलं सपान

रंगुबाईला सपनं पडत, आणि तीही अशीतशी नव्हेत! एकदा ती गाईच्या पाठीवर बसून थेट शिंगणापूरवरनं उडत गेली. घरांना दारं नाहीत, त्यामुळे कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते सगळं हिला वरनं दिसलं म्हणे! खुरपणीला बसलं की बायका विचारायच्या, "सांग गं रंगू, काल कुठं गेल्तीस?" आणि हसता हसता प्रत्येकीची पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, कधी बांधाला लागायची ते कळायचंही नाही.

सहा जणींची सावड होती ती. आज हिच्या रानात, उद्या तिच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही.

मग आलं ते मेलं गाजर गवत. आधी रस्त्याकडेला, मग बांधावर, मग बाजरीत. दिसायला मात्र पांढरंशुभ्र, नाजूक. दुपारी डोळे अर्धे मिटले तर रानात चांदणं पडल्यागत वाटावं. त्यानं रंगुबाईच्या अंगाची नुसती आग आग केली. हात सुजले, पापण्या फुगल्या. डॉक्टरनं बजावलं, "आता याला हात लावायचा नाही."

झालं! हात नाही तर सावड कसली? तिनंच सावडीतल्या चांगुणाबाईला निरोप धाडला, "मला वगळा. फेडायला माज्याकडं काय न्हाई." एकटी बाई, दीड एकर कोरडवाहू, त्यावरच वर्षाची भाकरी. गवताचं बी पडलं की बाजरी गेलीच. ती लांब लिंबाखाली बसून नुसती बघत राहायची. लई वाईट वाटायचं हो तिला.

एका सकाळी पाचही जणी खुरपी घेऊन तिच्या रानात उतरल्या.

"अगं, सांगितलं न्हवं?" रंगुबाई ओरडली.

"गप बस," चांगुणाबाई करवादली. "तू न्हाईस तर दिस सरत न्हाई, पाठ मोडती. हे रान उरकलं की माज्या रानात यायचं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायचं, तोंडाला पदर गुंडाळायचा आन् सपान सांगायचं. तीच तुजी सावड."

चौथ्या दिवशी बाजरी मोकळी झाली. पाचव्या दिवशी रंगुबाई चांगुणाबाईच्या बांधावर जाऊन बसली खरी, पण आनंदानं रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. सपान पडणार कुठनं? खाली पाच जणी वाट बघत होत्या. जन्मात पहिल्यांदा तिनं सपान रचलं.

"काल," ती म्हणाली, "मी तुमच्या मधी बसून खुरपत हुते."

पाचही खुरपी थांबली.

"मग गं?" चांगुणाबाईनं हळूच विचारलं.

"मग काय! सगळ्यांच्या आधी माजी पात बांधाला लागली."