मी ओळखलेला माणूस
आमच्या मजल्यावरच्या काकूंना जिन्यात ढकलून कोणीतरी गळ्यातली चेन ओढली, तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत त्या वेळी सगळं सामसूम असतं. मी सकाळच्या शाळेत शिकवते; नुकतीच जेवायला बसले होते. किंकाळी ऐकून दार उघडलं, तर काकू खालच्या वळणावर पडलेल्या आणि एक माणूस त्यांना ओलांडून पळत होता. त्याने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि दिसेनासा झाला.

काकूंचा खुबा मोडला. मालवणकडच्या, एकट्या राहणाऱ्या बाई. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच निभावली. हॉस्पिटलात माझा हात धरून त्यांनी विचारलं, "तू बघलंस मा गो त्येका?"

"बघितला, काकू. सोडणार नाही मी त्याला."

बारा-पंधरा दिवसांनी पोलीस स्टेशनला बोलावलं. साहेबांनी मोबाइलवर एक फोटो पुढे केला. चेहरा पाहिला. ओळखीचा होता.

"असू शकेल," मी म्हणाले.

"असू शकेल नको, ताई. नीट बघा."

दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा हाच वाटला. पुढे तुरुंगात ओळख परेड झाली. एका वयाच्या, एकाच अंगकाठीच्या सात-आठ जणांच्या रांगेत मी सरळ त्याच्यापाशी गेले आणि खांद्याला हात लावला. खात्री आहे का, असं अधिकाऱ्याने विचारलं. "शंभर टक्के," मी म्हणाले. घरी येऊन सांगितल्यावर काकू लहान मुलीसारख्या रडल्या.

वर्षभरात त्या गेल्या. शेवटपर्यंत वॉकर धरून संडासापर्यंत, एवढंच त्यांचं चालणं. केस उभी राहायला तीन वर्षं लागली आणि तेवढी वर्षं तो आतच होता. मी मात्र रोज ते दृश्य बघत होते: वर वळलेली मान, पातळ मिशी, खालच्या ओठावरचा व्रण. दिवसेंदिवस ते पुसट व्हायच्याऐवजी लख्ख होत गेलं.

कोर्टात त्याची वकील एक तरुण मुलगी होती. "पहिल्या जबाबात तुम्ही म्हटलंय की तोंडाला रुमाल बांधलेला होता."

"लिहिणाऱ्याची चूक असेल. मला पूर्ण चेहरा दिसला."

"माझा अशील रंगारी आहे. चोरीच्या आधीच्या महिन्यात तो तुमच्याच जिन्याला रंग देत होता. तुम्ही त्याला तेव्हा पाहिलेलं असू शकतं ना?"

"रंगाऱ्यांचे चेहरे कोण बघत बसतं?"

मी असं म्हणाले. मागून त्याचा आवाज आला, "बाई, तुम्ही मला पाणी दिलं होतंत." न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं. काय निर्लज्ज माणूस आहे, असं माझ्या मनात आलं.

त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या संध्याकाळी नवरा चहाचा कप हातात घेऊन नुसता बसून होता.

"काय झालं रे?"

"त्या दिवशी तू मला ऑफिसात फोन केला होतास ना, तेव्हा म्हणाली होतीस, मेल्याने तोंड बांधलेलं, नुसते डोळे दिसले."

"मी? असं म्हणाले?"

"हो."

"मग तीन वर्षं गप्प का बसलास?"

"तू एवढं ठामपणे सांगायचीस गं. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं."

त्या फोनमधलं एकही वाक्य मला आठवेना. रुमाल आठवून पाहिला, पण रुमालाच्या जागीही तोच ओठ, तोच व्रण. मग पाणी आठवायला लागले आणि ते आलं: स्टीलचा पेला, रंगाने माखलेली बोटं, पेल्याच्या कडेला टेकलेला ओठ. पण हे खरंच घडलं होतं, की कोर्टात ऐकल्यावर मनाने रचलं, तेही मला सांगता येईना.

मी त्या वकील मुलीला जाऊन भेटले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तो माणूस हा नव्हता, असं तुम्ही शपथेवर सांगाल?"

मी म्हणाले, "ते नाही सांगता येणार. मला माहीत नाही."

"अपिलात तुमची साक्ष पुन्हा घेतील असं मला वाटत नाही. तरी अर्ज लावते."

तिच्या केबिनबाहेर त्याची बहीण बसली होती, खारदांड्याहून आलेली. मी कोण ते तिला ठाऊक होतं. मी तिच्यासमोर उभी राहून, तोच होता की नाही ते आता मला माहीत नाही, असं काहीबाही बोलायला लागले.

"आमची आई त्याची वाट बघत गेली," ती म्हणाली. "हे 'माहीत नाही' तेव्हा म्हणायचं होतं ना, बाई. परेडमध्ये. तेवढंच म्हणायचं होतं."

तिने पिशवी उचलली आणि आत गेली.

अपील अजून सुनावणीला आलेलं नाही. वकील मुलगी आता फोन उचलत नाही. मीही हल्ली फारसा करत नाही.