उशिरा आलेल्या नोंदी

ट्रॉलरवरचं यंत्र समुद्रातून जागेच्या नोंदी पाठवतं. त्या डेटाबेसमध्ये नीट साठवणं हे माझं काम. कंपनी पुण्याची, मी रत्नागिरीत घरूनच. सर्व्हरवर सारख्या छोट्या फायली साचतात. त्या दिवसवार एकत्र बांधायच्या आणि मुदत संपली की अख्खा दिवस उडवायचा. आंब्याच्या अढीसारखंच. जुन्या अढीत आजचा कच्चा आंबा कोंबलात तर ती मोकळी कशी होणार?

आमच्याही होत नव्हत्या. खोल समुद्रात रेंज नाही. परतल्यावर यंत्र मागचं सगळं एकदम ओकतं आणि ते जुन्या फायलींत मिसळतं. डिस्क भरत आली. साहेब म्हणाले, "उशिरा येईल ते टाकून द्या."

नेमकी तेव्हाच माझ्या दादाविरुद्ध तक्रार झाली; त्याच्या ट्रॉलरवरही आमचंच यंत्र. बाहेर समुद्रात टाकलेली एका होडीची जाळी कुठल्याशा ट्रॉलरने फाडली होती आणि होडीवाले दादाचं नाव घेत होते. परवाना जायची पाळी. दादा अजून परतला नव्हता. वहिनी रडकुंडीला आली. "वन्सं, हे असं करतील होय? मेल्यांना दुसरं कोण दिसलं नाही!"

मलाही संताप आला. माझा भाऊ जाळी फाडून पळेल? छे! त्याच्या नोंदी यायच्या होत्या, आणि साहेब त्याच फेकायला निघाले होते. मी फोनवर कडाकडा भांडले. "अहो, समुद्रातला माणूस घरी आल्यावरच बोलतो, यंत्राचंही तसंच!" शेवटी साहेब कबूल झाले. उशिरा येणाऱ्यांना मी वेगळी जागा केली. तिथल्या फायली नोंद पोचली त्या दिवसाप्रमाणे बांधायच्या, घडली त्या दिवसाप्रमाणे नाही. जुन्या फायली सुटल्या, नोंदीही वाचल्या.

ट्रॉलर बंदराला लागला तशा दादाच्या नोंदी आल्या. मी नकाशा उघडला. वहिनी खुर्चीमागे उभी. "दाखवा आता त्यांना. तोंडं बंद होतील."

होडीवाल्यांनी सांगितलेल्या जागेवरून, त्याच वेळी, रेघ सरळ गेली होती. पुढे जाऊन वळली होती, परत येऊन तिथेच थोडा वेळ थांबली होती. म्हणजे त्याला कळलं होतं.

एवढ्यात दादा आला. पाय धुऊन आत येता येता त्याची नजर स्क्रीनवर गेली.

"तिथं रेंज नव्हती ना गो?" तो म्हणाला.

तक्रारीचं त्याला अजून कुणी सांगितलंही नव्हतं.