धोतराचा पांढरा तुकडा

मुलुंडच्या प्राण्यांच्या दवाखान्यात त्या काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर जुन्या धोतराचा पांढरा तुकडा, त्यावर त्यांचा म्हातारा गिनीपिग. दर दोन मिनिटांनी त्याला अलगद उचलायच्या, कापड निरखायच्या, पुन्हा ठेवायच्या. त्याला मुतखडा झाला होता; लघवीतून रक्त जातंय का, ते पाहत होत्या.

माझा गिनीपिग लाल मखमली टॉवेलवर. मी आलो होतो त्याची नखं कापायला. फुशारकीनं म्हणालो, "आमचा गातो हो! शू करताना तर हमखास. रेकॉर्ड करून सगळ्या नातेवाइकांना पाठवलंय."

काकू हसल्या नाहीत. "अहो, गात नाही तो. कळ येते त्याला." पिशवीतून धोतराचा दुसरा तुकडा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "रंगीत कपड्यावर डाग दिसत नाही; आपल्याला बरं वाटतं, त्याला नाही."

मी तो टॉवेलवर अंथरला. थोड्या वेळानं माझा गिनीपिग गायला, म्हणजे, किंचाळला. त्याला उचलून खाली बघायचं धाडस मला होईना. काकूंनीच एका हातानं उचललं, पाहिलं आणि कापडाची लाल झालेली बाजू आत दुमडली.

आतून त्यांना हाक आली. त्या उठल्या नाहीत.

"ऊठ रे," मला म्हणाल्या, "आधी तू जा."